गाडी हाकावी की लादावी?

काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेच जात नाहीत. गणपती दीड दिवसाचा ठेवायचा की पाच दिवसांचा, सोलकढीत लसूण घालायची की नाही आणि मुंबईहून गावाला जायचं ते कुठल्या वाटेनं, हे तीन प्रश्न आमच्या घराण्यात आजोबांच्या काळापासून चर्चेला आहेत आणि एकाचाही निकाल लागलेला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांत चौथ्याची भर पडली. मुंबईत आमच्या इमारतीखाली उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी वैभववाडीला हाकत न्यावी, की आगगाडीवर लादून न्यावी?

गाडी १९८४ सालची. बाबांनी ती १९८६ मध्ये, निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशांतून सेकंडहँड घेतली. रंग आकाशी. आता त्या आकाशात ठिकठिकाणी गंजाचे ढग आहेत, पण ते वयाप्रमाणे आहेत. माझेही केस कुठे राहिलेत! बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. दर रविवारी सकाळी मी तिला बाहेर काढून एक फेरी मारून आणत असे. या फेरीला आमची सौ. 'आजीला देवळात नेणं' म्हणते.

तर यंदा आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, गाडी हलवा. नाहीतर तिच्यासकट पाडतील." मेव्हणा म्हणाला, "भंगारात काढा. हल्ली त्याचं सर्टिफिकेटसुद्धा मिळतं." मेव्हण्याला माणसांविषयी विचारलं तरी त्याचं हेच मत पडलं असतं. आमचे मिस्त्री मात्र गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून, बॉनेट उघडून, प्लग पुसून म्हणाले, "साहेब, गाडी सोन्यासारखी आहे. फक्त चालवू नका."

तेव्हा गाडी गावाला न्यायची एवढं ठरलं. कशी न्यायची यावर घरात बैठक बसली आणि बैठक बसल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की, हा प्रश्न दिसायला मोटारीचा असला तरी मुळात इतिहासाचा आहे.

आमच्या मुलखात माल कसा आणावा याचा खल हजार वर्षं तरी चालू आहे. वैभववाडीहून खाली उतरलं की खारेपाटण. तिथे शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट सापडला. त्यात देवळाच्या खर्चासाठी परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं लावून दिलं आहे. म्हणजे टोल ही काही हल्लीच्या सरकारांची कल्पना नव्हे. फरक इतकाच की, रट्टराजानं पैसे कुठे जाणार ते तांब्यावर कोरून ठेवलं.

त्या काळापासून आमचा महामार्ग म्हणजे खाडी. माणूस घाटावरून उतरो की गावातून निघो, त्यानं खारेपाटण गाठायचं, पडावात बसायचं, भरती-ओहोटी बघून विजयदुर्गाला जायचं आणि तिथून पुढे समुद्र. बाबा पहिल्यांदा मुंबईला आले ते असेच. साल १९३८, वय वर्षं दहा. खारेपाटणपर्यंत बैलगाडी, पुढे पडाव आणि विजयदुर्गाला आगबोट. तीही धक्क्याला लागायची नाही. ती समुद्रात दूर उभी आणि आपण हिंदकळणाऱ्या होडीतून तिच्याकडे जायचं. वरच्या खलाशानं हात धरून ओढून घ्यायचं. बाबांच्या आधी ट्रंक वर गेली, मग फणस गेला, मग बाबा. "आम्हांला चढवलं नाही रे, लादलं," असं ते सांगत. रात्रभर डेकवर फणसाला टेकून त्यांनी ओकाऱ्या काढल्या आणि सकाळी मुंबई दिसली तेव्हा पोटात काहीच उरलं नव्हतं. मुंबईला येताना माणसानं असंच यावं, हेही त्यांचंच म्हणणं.

त्या आगबोटींचा इतिहास फार मोठा आणि थोडा ओला आहे. गोऱ्यांच्या बोटींना टक्कर द्यायला कोकणातल्या माणसांनी सहकारी तत्त्वावर आपली कंपनी काढली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोट कंपनीची आणि अभिमान डेकवर बसणाऱ्याचा, असं ते नाव होतं. बोटींना नावं संतांची. पण समुद्राला संत आणि चोर सारखेच. ११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना, रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईच्या तोंडाशीच उलटली. अवसेचा सण गावी करायला निघालेली माणसं. सहाशेहून अधिक जीव गेले. आमचं कोणी त्यात नव्हतं, तरी आजीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही आणि संध्याकाळी जाहीर केलं की, यापुढे या घरातलं माणूस बोटीत पाय ठेवणार नाही. आजीचा शब्द म्हणजे ताम्रपटच.

तसंही गणपतीला बोट कधी कामाची नव्हतीच. पावसाळ्यात बोटी बंद. मग जो येणार तो घाटावरून. आगगाडी कोल्हापूरपर्यंत १८९१ मध्येच पोचली होती. तिथे उतरायचं, गगनबावडा गाठायचा आणि करूळचा घाट उतरून घरी. १९४८ मध्ये एस. टी. सुरू झाली आणि पुढे लाल गाडी हेच कोकणी माणसाचं पुष्पक विमान झालं. उजव्या मांडीवर बोचकं, डाव्या मांडीवर शेजाऱ्याचं पोर आणि घाटात खिडकीतून डोकं बाहेर, या आसनात आमच्या दोन पिढ्या गावाला गेल्या. म्हणजे १९३८ पासून पाहिलं तर आमच्या घरातला एकही माणूस गावाला स्वतः गेलेला नाही. प्रत्येकाला कुणी ना कुणी नेलेलं आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट बाबांना लागलेली असावी. गाडी घेतली त्या संध्याकाळी त्यांनी चाळीत पेढे वाटून जाहीर केलं, "या गणपतीला आपण आपल्या गाडीनं जायचं. थेट अंगणात!" पुढच्या शिमग्याला गावाहून येताना अंगणाच्या गडग्यातला जांभ्या दगडाचा एक तुकडाही ते एस. टी.नं घेऊन आले. तो चाकामागे लावायला. मुंबईत दगड मिळत नाही अशातला भाग नव्हता. पण त्यांचं म्हणणं, गाडी कुठे जायची आहे ते गाडीला ठाऊक असावं.

गाडी गेली मात्र नाही. १९८६ ला, "इंजिन जरा बसू दे." (ते आधीच्या मालकाकडे चांगलं बसलेलं होतं.) १९८७ ला रस्ता खराब. १९८८ ला दरडी. १९९० ला आखाती देशांत लढाईचं वातावरण पेटलं, त्यामुळे वैभववाडीचा बेत रहित झाला. १९९१ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. १९९२ ला काहीच कारण सापडेना, तेव्हा त्यांना ताप आला. दर वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी ते गाडीवर आच्छादन घालत, चाकामागे जांभा लावत आणि पिशवी घेऊन एस. टी.च्या रांगेत उभे राहत.

कोकण रेल्वेवर त्यांचा फार जीव. नाथ पै, मधू दंडवते यांची भाषणं त्यांनी ऐकलेली. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेचं महामंडळ निघालं, श्रीधरन यांनी नव्वदहून अधिक बोगदे डोंगरांच्या पोटातून काढले आणि २६ जानेवारी १९९८ ला रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बाबा १९९७ च्या दिवाळीत गेले. वैभववाडी रोड अशी पाटी लागलेलं स्टेशन त्यांनी पाहिलं, त्यातून मुंबईची गाडी पाहिली नाही.

त्यानंतर बरोबर एका वर्षानं, २६ जानेवारी १९९९ ला, कोकण रेल्वेनं कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मालाचे ट्रक अख्खेच्या अख्खे वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. याला रो-रो म्हणतात. ट्रकचा ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून झोपतो आणि ट्रक चालवल्याचा भत्ता झोपेत मिळवतो. हे सुख ट्रकांना मिळालं त्याला सव्वीस वर्षं उलटल्यावर, २०२५ च्या गणपतीसाठी, मोटारींनाही ते देण्याचं ठरलं. बातमी वाचली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, ही आपल्यासाठीच काढली!"

आता हिशेब. कागदावर मी तीन रकाने पाडले.

पहिला, मुंबई-गोवा रस्ता. अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. या रस्त्याचा पूर्वीचा क्रमांक सतरा, आता सहासष्ट. नंबर बदलला, पण खड्डे जुन्या पत्त्यावरच राहिले. रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा पाळण्यात असलेली आमची नात आता मला मोबाइल शिकवते. पुढे पुढे रस्ता छान झाला आहे म्हणतात, पण पुढे जायला आधी मागे असावं लागतं ना! शिवाय महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या गेल्या, तेव्हापासून पावसाळ्यात पूल आला की सौ. डोळे मिटून काहीतरी पुटपुटते. नवा पूल वर्षाच्या आत झाला आणि मजबूत आहे, हे तिलाही माहीत आहे. पण पुटपुटायला माहितीची आड येत नाही.

दुसरा रकाना, पुणे-कोल्हापूर-गगनबावडा. रस्ता चांगला, पण शेवटी करूळचा घाट. तो दुरुस्तीसाठी २०२४ च्या जानेवारीत बंद झाला तो पुढचं वर्ष उजाडल्यावर उघडला. उघडला, तरी उतार तोच. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ब्रेक चारी चाकांना ड्रमचे. तापले की मग देवाचं नाव हाच ब्रेक."

तिसरा, रो-रो. कोलाड ते नांदगाव रोड पाच हजार चारशे साठ रुपये, थेट वेर्ण्यापर्यंत सात हजार आठशे पंच्याहत्तर. मोटारीमागे तीन माणसं, ती मोटारीत नव्हे तर जोडलेल्या डब्यात, आणि त्यांचं तिकीट वेगळं. दुपारी कोलाडला हजर राहायचं, पाचला सुटायचं, रात्री दहाच्या सुमारास नांदगाव.

मला या तिसऱ्या रकान्यात दोन खोचा दिसल्या. मुंबई-गोवा रस्त्याचा मनस्ताप टाळण्यासाठी ही सोय. पण ती मिळवायला कोलाडपर्यंत जायचं कसं? तर मुंबई-गोवा रस्त्यानं! पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, म्हणजे नाटकातला नेमका दुःखाचा अंक पायीं तुडवून मग विश्रांती. दुसरी खोच याहून भारी. नांदगाव आमच्या पुढे आहे. म्हणजे आमची गाडी वैभववाडी रोड स्टेशनातून, घराच्या अगदी दारावरून, न थांबता पुढे जाणार. मग आम्ही ती नांदगावला उतरवून, तळेऱ्यावरून पंचवीसेक किलोमीटर उलटं घरी येणार. सासरी निघालेल्या पोरीनं माहेरावरून जावं आणि वेशीवरून परत यावं, तसं!

मेव्हण्यानं मध्येच बोटीचं पिल्लू सोडलं. भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गाला मोटारीसकट नेणारी रो-रो बोटही त्याच सुमारास जाहीर झाली होती. एका वेळी पन्नास मोटारी. पण तारीख होती १ सप्टेंबर आणि चतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे दीड दिवसाचे गणपती परत निघाल्यावर आम्ही जायला निघणार. शिवाय आजीचा ताम्रपट अजून रद्द झालेला नव्हता.

चर्चा आठवडाभर चालली. मी पूर्ण तयारीनं भांडत होतो. कधी रस्त्याच्या बाजूनं, कधी रेल्वेच्या. मधल्या काळात मी पद्मिनीच्या वंशावळीचाही अभ्यास केला, कारण कुणाला कशावर बसवायचं ते कुळ पाहून ठरवावं. तर या गाडीचा कारखाना कुर्ल्याचा आणि तो काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. हे गृहस्थ आधी रेल्वेचे ठेकेदार होते. पुढे सिंदिया कंपनी काढून त्यांनी ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून विलायतेला हाकारलं. त्या तारखेला आजही देशात सागरी दिन पाळतात. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजाचा आणि १९४४ मध्ये मोटारीचा. म्हणजे आमच्या गाडीला रूळ, पाणी, हवा आणि रस्ता ही चारही घरं माहेरचीच. ती कशावरून गेली तरी तिचा अपमान होणार नव्हता. अपमान झालाच तर माझा.

कारण खरी भीती मला गावाची होती. आमचे धाकटे काका नव्वदीला टेकलेत. दिवसभर पडवीत बसून असतात आणि येणाऱ्याला पहिला प्रश्न कसा आलास हा विचारतात. चाळीस वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली ती आगगाडीच्या पाठीवर बसून आली म्हटल्यावर ते काय म्हणतील? "बापाशीन गाडी घेतल्यान, झिलान तिका टपालान धाडल्यान!"

शेवटी गाडीचे कागद शोधताना डॅशबोर्डाच्या खणात बाबांची वही मिळाली. लाल पुठ्ठ्याची, लांबट. पहिल्या पानावर शाईनं, सुंदर अक्षरात गावांची ओळ: पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी घाट, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण, तळेरे, वैभववाडी. प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. पुढच्या पानांवर पेट्रोल, हवा, ऑइल यांच्या नोंदी. आणि दर भाद्रपदात एकच नोंद, साल तेवढं वेगळं. 'चाळीतील मंडळींना परळ स्टँडवर सोडले. दोन खेपा.' एका वर्षी तीन खेपा. मग आच्छादन, मग एस. टी.चं तिकीट पानाला चिकटवलेलं.

म्हणजे गाडी दर गणपतीला गावाच्या दिशेनं निघत होती. परळपर्यंत.

एकाच पानावर वेगळं काही होतं. १९८७, श्रावण. 'पहाटे एकटाच पनवेलपर्यंत जाऊन आलो. गाडी उत्तम. हात कापतात. घरी बोललो नाही.' पहिल्या पानावर पनवेलपुढच्या चौकोनात बारीकशी खूण होती. पुढचे सगळे चौकोन कोरे.

मी ती वही सौ.पुढे ठेवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेला माणूस. दहा वर्षं आम्ही त्यांच्याबरोबर रस्त्याला, दरडींना आणि अरबांना शिव्या दिल्या. तिनं ती शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि माझे तीन रकाने पाडलेला कागद तिच्यावर ठेवला. म्हणाली, "ही घ्या. तुम्ही पुढची पानं लिहिताय."

आता हे वाक्य भांडणात आलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. ते शांतपणे आलं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा रांगेत आहे. रविवारची फेरी सोडली तर ही गाडी मी कधी शहराबाहेर काढलेली नाही. ड्रमचे ब्रेक, सावित्रीचा पूल, करूळचा घाट हे सगळं खरं होतं. पण रकान्यांच्या खाली एक चौथी ओळ होती, ती मीही घरी बोललो नव्हतो.

"रेल्वेचं बघतो," मी म्हणालो.

"बघू नका. पैसे भरा," ती म्हणाली.

तर गणपतीच्या आधी एका पहाटे आम्ही निघालो. मी, सौ. आणि शिकवायला मिस्त्री. ते कोलाडहून बसनं परतणार होते. पनवेल गेलं तशी सौ.नं वही उघडून पेण्याच्या चौकोनात खूण केली. मग वडखळ, मग नागोठणे. कसे गेलो ते विचारू नका. खड्ड्यांत पाणी भरलेलं असल्यामुळे ते दिसत नव्हते, ही पावसाची कृपा. दोनदा इंजिन तापलं, एकदा मी. पण माझे हात कापत होते की स्टीअरिंगच, ते गाडी जुनी असल्यामुळे कुणाला कळलं नाही. जुन्या गाडीचा हा मोठा फायदा आहे.

कोलाडला मोटारी मोजक्याच होत्या. चाळीस गाड्या मावतील एवढी जागा आणि निम्म्याहून कमी गाड्या नेल्या तरी आगगाडीचं काही अडणार नव्हतं. आमची सोडून सगळ्या नव्या, चकचकीत आणि बुटक्या लोकांसाठी शिडी लागेल एवढ्या उंच. त्यांचे मालक येऊन आमच्या पद्मिनीबरोबर फोटो काढून गेले. तिला वाघिणीवर चढवायचं काम माझंच होतं. उतार चढून सरळ एका वाघिणीवरून दुसऱ्या वाघिणीवर जायचं, दोन्हीकडे हातभर जागा आणि खाली रूळ. आयुष्यातला सर्वांत अवघड घाट मी रेल्वेवर चढलो. तिथल्या माणसांनी चाकं बांधली, हँडब्रेक ओढून पाहिला. मी सवयीनं डिकीतून जांभा काढला, तेव्हा एकजण हसून म्हणाला, "काका, तो राहू दे. आता तिला आम्ही धरलंय." मी दगड परत ठेवला. खरं सांगतो, त्या वाक्यानं मला जेवढं हलकं वाटलं तेवढं डोळ्याच्या डॉक्टरनंही वाटू दिलं नव्हतं.

गाडी सुटली. बाहेर पाऊस, भातखाचरं, बोगदा, पुन्हा पाऊस. माणगाव आलं, खूण. वीर स्टेशन आलं तेव्हा वाद झाला, कारण ते वहीत नव्हतं. ते महाडच्या खाती मांडलं. पोलादपूर आणि कशेडी रेल्वेला लागत नाहीत. सौ. म्हणाली, "डोंगराच्या आत कुठेतरी असतील," आणि दोन्हींवर खुणा केल्या. खेड, चिपळूण, संगमेश्वर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, तेव्हा डब्यात सगळे गप्प झाले आणि मला उगाच आगबोटीचा डेक आठवला, जो मी कधी पाहिलेला नाही. दहा वर्षांचा एक मुलगा, पाठीला फणस. पुढे काय आहे ते दिसत नाही, आपल्या हातात काही नाही, नेणारा नेतोय.

साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. पुतण्या वैभववाडी रोडच्या फलाटावर उभा होता. "काका, खिडकीत या, खिडकीत या!" आम्ही दोघं दाराशी गेलो. फलाटावरचे दिवे, पावसात छत्री धरलेला एक माणूस हात हलवतोय आणि क्षणात सगळं मागे. मग फोनमध्ये आरडाओरड. "दिसली! आपली गाडी दिसली! निळी! मी तिला हात केला!" सौ.नं वही उघडली आणि मग पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अजून नाही. तळेरं राहिलंय."

नांदगावला गाडी उतरवली. चोक ओढला, पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा रागावली, तिसऱ्यांदा सुरू झाली. तळेऱ्याला वळलो आणि पुढचा रस्ता अंधाराचा, वळणांचा, दोन्ही बाजूंनी झाडीचा. तीसच्या वर काटा नेला नाही. घाट नव्हता, दरड नव्हती, कोणी मागून भोंगाही वाजवला नाही. एवढ्याच रस्त्यासाठी दोन पिढ्या घाबरल्या होत्या. म्हणजे मधला जो होता तो खराच भीतीचा होता, पण त्यावरून आम्हांला कुणीतरी आणून सोडलं होतं.

अंगणात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. काका पडवीत जागे. बॅटरीचा झोत त्यांनी आधी गाडीवर टाकला, मग माझ्या तोंडावर, मग पुन्हा गाडीवर. आणि प्रश्न आलाच.

"चलवत इलस?"

मी आठवडाभर उत्तरं तयार केली होती. ती सगळी विसरलो. "नाय काका. अर्धी चलवत, अर्धी रेल्वेवर लादून."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझो बापूस तसोच गेललो. खारेपाटणपर्यंत बैलगाडी, म्होरा बोटीवर लादून." आणि झोत अंगणाच्या कोपऱ्याकडे वळवून म्हणाले, "हय लाव. हयसर पाणी साचना नाय."

मी गाडी तिथे लावली, डिकीतून जांभा काढला आणि चाकामागे ठेवला. सकाळी पाहिलं तर तो ज्या गडग्यातला, त्याच गडग्याला टेकला होता.

गाडी त्यानंतर सुरू झालेली नाही. बॅटरी बसली आहे आणि मिस्त्री मुंबईत आहेत. कोंबड्यांनी मागची सीट ताब्यात घेतली आहे. मेव्हण्याचा परवा फोन आला होता. गाडी परत मुंबईला आणायची झाली तर कशी आणणार, असं तो विचारत होता. सौ.नं त्याला सांगितलं, बैठक बोलावू.